बारा आणि आठ

९ फेब्रुवारी १९८७

शी! आज पुन्हा गुगुलीबाईंनी त्या दाराला मेण लावलं. दोऱ्याची दोन टोकं, मध्ये मेणाचा गोळा, त्यावर शाळेचा शिक्का. आत मॉस्कोहून आलेली चार संगणक-यंत्रं मेणकापडाखाली झोपलीत, शरद ऋतूपासून. मी म्हटलं, "बाई, मुलांना निदान एकदा हात तरी लावू द्या." तर म्हणतात, "पावले, तपासणीचं कमिशन येऊन जाऊ दे, मग बघू. मोडलं तर भरून कोण देणार, तू?" बाई मुख्याध्यापिका आहेत, का कोठीवरची म्हातारी, तेच कळत नाही.

आणि वरून हुकूम काय, तर नववीच्या प्रत्येक मुलाला प्रोग्राम लिहिता आला पाहिजे. कुठं चालवायचा? वहीत! जन्मभर गणित शिकवलं, आता उतारवयात हा नवा विषय गळ्यात बांधला. उन्हाळ्यात कुतायसीला शिबिराला पाठवलं, तिथं यंत्राला हात लागला तो रांगेत उभं राहून, जेमतेम घाम पुसण्याइतका वेळ.

म्हणून आमच्या वर्गात यंत्र मी. मुलं कागदावर प्रोग्राम लिहून आणतात, मी खुर्चीत बसतो, ती आकडे ओरडतात, मी ओळीमागून ओळ पाळत जातो आणि उत्तर सांगतो. मागं मला 'पावले यंत्र' म्हणतात, माहीत आहे मला. म्हणोत. मी पहिल्या दिवशीच बजावलंय, "यंत्राला दया नसते. तुमच्या मनात काय होतं, ते यंत्राला ठाऊक नाही. लिहिलंय तेच ते करणार." या शाळेत खरं काही चालत असेल तर ते एवढंच.

१७ फेब्रुवारी

वर्गसमीकरणाचे प्रोग्राम तपासले. सोपी गोष्ट आहे. अ, ब, क हे तीन आकडे घ्या, ब-वर्ग वजा चार अक काढा, तो ऋण असेल तर 'उत्तर नाही' म्हणा, नाहीतर वर्गमूळ काढून सूत्रात घाला. तरी ढिसाळपणा बघा! निम्म्यांनी ऋण असेल तर काय, ते लिहिलंच नाही. आता ऋण संख्येचं वर्गमूळ काढत बसू का मी? आपला 'उत्तर नाही' म्हणून पुढं गेलो.

त्यातल्या त्यात गोचाचा प्रोग्राम देखणा. अक्षर कसं मोत्यासारखं! पोरगा बिचिकोचा, म्हणजे वाइनच्या कारखान्यातल्या बिचिकोचा, पण बापासारखा बडबड्या नाही. शेवटची ओळ त्यानं आडवी लिहिली होती: कंसात उणे ब अधिक वर्गमूळ (दुसऱ्या उत्तरासाठी वजा), पुढं भागिले दोन, गुणिले अ. फळ्यावर मी हेच रेघेच्या वर-खाली लिहितो, कागदावर त्यानं एका ओळीत बसवलं. त्याला काय म्हणायचंय ते लगेच कळलं. दोन क्ष-वर्ग वजा दहा क्ष अधिक बारा घातलं, तीन आणि दोन आले. पाचपैकी पाच गुण दिले. सगळ्या वर्गानं त्याचाच उतरवून घेतला, म्हटलं घ्या, चांगल्याची नक्कल केली तर बिघडत नाही.

२४ फेब्रुवारी

घसा पार बसला. बायकोनं, व्हेनेरानं, सकाळी डाळिंबाच्या सालीचा काढा पाजला, तोंड अजून कडू आहे. वर म्हणते, "अरे पावले, एक दिवस गप्प बसलास तर शाळा कोसळणार नाही." तिचं तिला.

आवाजच नाही म्हटल्यावर यंत्र म्हणून खातुनाला बसवलं. तंदूरवर पाव भाजणाऱ्या मक्वालाबाईची मुलगी ती. हुशार आहे, यात वाद नाही. तिबिलीसीच्या गणिताच्या निवासी शाळेत जायचा ध्यास घेतलाय, तिथं शाळेचं शिफारसपत्र लागतं आणि पत्रात एकही 'दोन', म्हणजे नापासाचा गुण, चालत नाही. पण तिचा तो खाली मान घालून हट्टीपणा! तो मला पहिल्यापासून डोक्यात जातो.

गोचाचा प्रोग्राम दिला तिला, मागचंच समीकरण. ती ओळीवर बोट ठेवून हळूहळू गेली आणि म्हणाली, "बारा आणि आठ."

वर्ग खो खो हसला. मी खडूनं फळ्यावर लिहिलं, बारा समीकरणात घालून बघ. तिनं घातले. एकशे ऐंशी आले.

"शून्य यायला हवं. आलं का?" मी घशातून फुसफुसलो.

"नाही आलं, सर."

"मग?"

"मग काय, सर, कागदावर असंच आहे. आधी दोननं भागलं, मग अ-नं गुणलं. अ दोन आहे. कंस नाहीये ना इथं."

"कागदावर काय आहे ते मला शिकवतेस? मागच्या आठवड्यात याच कागदाचं उत्तर तीन आणि दोन आलं होतं! मी काढलंय!"

"तुम्ही काढलंत, सर," ती म्हणाली.

बस्स. हे असं उलट बोलणं मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. वर्गपटात शाईनं 'दोन' टाकला. समीकरणाची मुळं बारा आणि आठ! शेंबड्या पोरालाही कळेल की चुकलंय, आणि ही बया कंसाचं निमित्त सांगते. नाचता येईना अंगण वाकडं.

३ मार्च

मक्वाला आली होती. हातात गरम पाव, कापडात गुंडाळलेला, लांब, टोकदार. मला बघूनच मळमळलं. हेच ते! पाव द्या, कोंबडी द्या, गुण घ्या. मी कापडाला हात न लावता म्हटलं, "बाई, हे उचला आधी."

"लाच नाही हो सर," ती म्हणाली. "तंदूरवरनं सरळ इकडं आले, माझ्या वाटणीचा आहे. पोरगी जेवत नाहीये. काही विचारलं तर म्हणते, आई, माझं डोकं उलटं चालतं. एवढंच विचारायला आले, खरंच चालतं का तसं?"

"डोकं ठीक आहे. जीभ उलटी चालते," मी म्हटलं.

तिनं पाव पुन्हा गुंडाळला. दाराशी थांबून म्हणाली, "तिबिलीसीचा विषय तिनं घरात बंदच केलाय." आणि गेली.

व्हेनेरा संध्याकाळभर कुरकुरली. पाव घ्यायला हवा होता म्हणे. ज्याला त्याला पोट दिसतं.

१९ मार्च

कमिशन १० एप्रिलला येणार, कुतायसीहून, प्रमुख कुणी शाल्वासाहेब म्हणून. आज शिक्षकांची बैठक झाली. अथपासून इतिपर्यंत जेवणाची! डुक्कर कोण देणार, अक्रोडाची चटणी कुणाच्या घरची, चीजच्या रोट्या ऐनवेळी गरम कशा राहतील. दारूबंदीचे दिवस, म्हणून वाइन चहाच्या किटल्यांतून आणि कपांतून द्यायची, पाहुण्यांनी 'चहा' म्हणायचं. किटल्या बिचिको भरणार, आणि मेजाचा म्होरक्या, म्हणजे कप कुणासाठी उचलायचा ते सांगणारा, तोही तोच. धड्याबद्दल कुणी विचारलं का? मी विचारलं. तर गुगुलीबाई म्हणाल्या, "धड्याचं काय पावले, धडा तू घेशीलच."

मग त्यांनी धडाही ठरवून टाकला. मुलं पांढऱ्या झग्यात, पायात घरच्या सपाता, यंत्राला धूळ नको म्हणून. गोचा प्रोग्राम दाखवणार. प्रश्नाला सगळ्या वर्गानं हात वर करायचा: येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी फक्त उजव्या हातांना विचारायचं. "खातुनानं डावाच करायचा," बाईंनी मुद्दाम सांगितलं, "ती काहीतरी बोलून बसायची."

ओकारी येते मला या ढोंगाची! चाळीस वर्षांपूर्वी माझ्या मास्तरांनीही डावा-उजवा केला होता आणि अजून तेच चाललंय. या अख्ख्या इमारतीत एक तरी माणूस आहे का जो आहे तसं सांगतो? माझ्या तासाला निदान लिहिलेलं चालतं, नाहीतर पडतं. तेवढी एक जागा मी स्वच्छ ठेवली होती, आता तिथंही किटल्या घेऊन येताहेत.

७ एप्रिल

मेण फुटलं! रंगीत तालीम यंत्रासमोर. कारखान्यातला एक तंत्रज्ञ येऊन यंत्र चालू करून गेला. पडदा हिरवा उजळला तेव्हा मुलं बाकांवरून पुढं झुकली. लामाझ, वय वर्षं पंधरा, मिशी फुटलेला पोरगा, पडद्याला हात लावू का म्हणून विचारत होता. गुगुलीबाई किंचाळल्या.

गोचानं एकेक अक्षर शोधत प्रोग्राम टंकला. क्ष-वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा घातलं. तीन आणि दोन! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जे मी वर्षभर खुर्चीत बसून करत आलो तेच त्या पेटीनं केलं. बाई म्हणाल्या, "झालं, आता दुसरं काही घालायचं नाही, हेच." आणि पुन्हा मेण.

१० एप्रिल

सगळं लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

शाल्वासाहेब जाडजूड, थकलेले, बरे गृहस्थ वाटले. सोबत दोघं, त्यांचं लक्ष पहिल्यापासून जेवणाच्या वासाकडे. मुलं पांढऱ्या झग्यात बसली होती, जणू सगळ्यांची शस्त्रक्रिया करायची आहे. मी प्रश्न विचारले, हातांचं जंगल उभं राहिलं, मी उजवे निवडले. गोचानं समीकरण घातलं. तीन आणि दोन. टाळ्या.

इथंच थांबायला हवं होतं. पण शाल्वासाहेब उठले आणि गोचाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास बेटा. आता असं कर, हेच समीकरण दुप्पट करून घाल. दोन, उणे दहा, बारा. उत्तर तेच यायला हवं, नाही का? मी पूर्वी गणित शिकवायचो."

गोचानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. का नाही डोलावणार? हेच समीकरण मी स्वतः सोडवलं होतं.

पडद्यावर आलं: १२. खाली ८.

कुणीतरी मागं श्वास ओढला. गुगुलीबाई पांढऱ्या पडल्या. गोचानं पुन्हा घातलं. बारा, आठ.  यंत्रानं तोंड उघडून खातुनाच्या आवाजात सांगितलं असतं तरी मला एवढा धक्का बसला नसता. भागिले दोन, गुणिले अ. कंस नाही! कागदावर कंस कधीच नव्हता. तो कंस माझ्या डोक्यात होता, आणि मी तो दर वेळी गुपचूप घालत होतो, प्रत्येकाच्या कागदात.

"यंत्र बिघडलंय," गुगुलीबाई म्हणाल्या. "रस्त्यात आदळलं असणार. मी म्हणतच होते."

"आदळलंच असणार," सोबतचे दोघं एका सुरात म्हणाले.

शाल्वासाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काय म्हणता, मास्तर?"

वर्गातले सगळे हात खाली होते. एक सोडून. शेवटच्या बाकावर खातुना, डावा हात वर, सरळ. सांगितलं होतं तसा डावाच. माझ्याकडे बघत होती. मी पाहिलं तिला, नाही पाहिलं असं नाही.

आणि मी म्हणालो, "बघावं लागेल, साहेब."

बघावं लागेल! थू!

मग जेवण. डुक्कर, चटण्या, किटल्या. सदोष यंत्रांचा कागद टंकून तयार, चारही परत पाठवायची, सही विषयशिक्षकाची. तो कागद माझ्या बशीशेजारी चटणीच्या वाटीला टेकवून ठेवलेला. "सही करून टाक की," बाई कानात म्हणत होत्या, "सगळ्यांचीच सुटका होईल." बिचिको म्होरक्या म्हणून एकामागून एक शब्द बोलून कप उचलत होता: शांततेसाठी, आईबापांसाठी, गेलेल्यांसाठी. लोक कपातला लाल 'चहा' रिचवत होते.  सगळ्यांची तोंडं चुपचुपीत, ओठांवर तेल. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि मग समोरच्या किटलीच्या पोटावर माझंच तोंड दिसलं, तसंच तेलकट.

बिचिको उठला. "हा शब्द आपल्या शिक्षकांसाठी! यंत्र बिघडतं, आपले पावले सर बिघडत नाहीत! आता पुढचा शब्द त्यांच्याकडे."

आमच्याकडे एकदा शब्द कुणाकडे दिला की दिला. तो मध्ये तोडता येत नाही, आणि ज्यासाठी कप उचलला ते पटो न पटो, उभं राहून रिकामा करावा लागतो. न पिणं म्हणजे म्होरक्याच्या तोंडात मारणं. मी उठलो. गुगुलीबाईंनी माझ्या कोटाचा काठ धरला.

"हा कप यंत्रासाठी," मी म्हणालो. "ते धडधाकट आहे. बिघडलोय मी. त्या प्रोग्रामात कंस नाही, वर्षभर तो कंस मी माझ्या पदरचा घातला. मुलांनी काहीही लिहावं आणि मी बरोबर उत्तर सांगावं! गल्लीतल्या प्रत्येक घराचं गळकं छप्पर मी रात्री चोरून शाकारत होतो, आणि सकाळी म्हणत होतो, बघा, कुणाचंच गळत नाही."

"पावले, बस खाली," बाई म्हणाल्या.

"शब्द तोडू नका, बाई," बिचिको म्हणाला. रीत म्हणजे रीत. हा त्याच्याच पोराचा प्रोग्राम आहे, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

"एका मुलीनं कागद जसा आहे तसा वाचला. बारा आणि आठ. दीड महिन्यापूर्वी. आज पेटी जे बोलली तेच. तिला मी 'दोन' दिला, आणि त्या 'दोन'पायी तिचं शिफारसपत्र अडलंय. तर हा कप खातुनासाठी, तिच्या तिबिलीसीच्या वाटेसाठी. जो पिईल त्यानं तिची वाट अडवायची नाही, आणि यंत्रं परत पाठवायची नाहीत." मी कप रिकामा करून पालथा धरला.

 बिचिकोच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत होतं. त्यानं पोराचं नाव ओठांत पुटपुटलं, मान लाल झाली, माझ्याकडे असं पाहिलं की आता किटली डोक्यात घालतो. पण म्होरक्या होता तो. उभा राहिला. "खातुनासाठी," म्हणाला, आणि प्यायला. शाल्वासाहेब कपात बघत राहिले, मग जड अंगानं उठले. "मलाही वाटलं होतं कंसच असेल," ते म्हणाले. "पण म्हटलं, जाऊ दे." आणि प्यायले. मग बाकीचे. गुगुलीबाईंनी सगळ्यांत शेवटी, डोळे मिटून, एरंडेल घेतल्यासारखा.

निघताना जिन्यात बाई म्हणाल्या, "किळस आली मला तुझी, पावले." मी म्हटलं, "रांगेत उभ्या राहा, पुढं मीच आहे."

११ एप्रिल

बाईंनी शिफारसपत्रावर सही केली. पेन इतकं दाबून की कागद फाटला, पुन्हा टंकावं लागलं. वर्गपटातला 'दोन' खोडून शेजारी 'पाच' लिहिला आणि खाली माझी सही. तंदूरवर जाऊन मक्वालापुढं पत्र धरलं. तिनं ते पिठाच्या हातानं घेतलं नाही, ओठांत धरलं, हात पुसले, मग घेतलं. पाव दिला. घेतला मी.

खातुना आत पिठाच्या पोत्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं, यंत्राचं, जेवणाचं, शब्दाचं. वाटलं होतं, हसेल.

"म्हणजे तुम्ही मेजावर सांगितलंत," ती म्हणाली.

"हो. सगळ्यांसमोर."

"सगळे कुठं होते, सर? आम्ही वर्गात होतो."

व्हेनेरानं पाव कापला. मी खाल्ला नाही.

१३ एप्रिल

आज नववीच्या तासाला यंत्र कुणीच नव्हतं. मी खुर्ची भिंतीला लावली आणि उभा राहिलो. मुलांना सांगितलं: तुमचे प्रोग्राम मी चालवले नाहीत. मी वर्गसमीकरणं सोडवली आणि उत्तरं तुमच्या कागदांना चिकटवली. ज्यांनी 'उत्तर नाही' लिहिलं नव्हतं त्यांच्या वतीनंही ते मीच म्हटलं. खातुनाची उत्तरं बरोबर होती आणि मी तुमच्यासमोर ती चूक म्हटली, आणि शुक्रवारी तिचा हात दिसूनही पुढं गेलो. गोचा पायाकडे बघत होता. त्याला म्हटलं, तुझी चूक छोटी आहे रे, ती दुरुस्त करून तुझ्यापासून लपवली ती मोठी.

मग गोचाची ती शेवटची ओळ फळ्यावर लिहिली, जशीच्या तशी, आडवी. म्हटलं, "आता खरं खरं सांगा. ही का चुकते, हे कुणाला समजलंय? हात वर."

सवयीनं सगळ्यांनी हात वर केले. मी हात मोजायला लागलो आणि थांबलो. डावे होते. लामाझचा डावा, गोचाचा डावा, पहिल्या बाकापासून खिडकीपर्यंत सगळे डावे. शेवटच्या बाकावर एक उजवा.

खडू मी तिच्या हातात दिला आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो.